यूट्यूबवर फुकट असताना क्लासला पैसे कशाला?

कॉलेजातल्या ज्युनिअर मुली, त्यांचे आईवडील, बार्शीतले आमचे शेजारी, सगळे मला एकच विचारतात: वेब डेव्हलपमेंट, म्हणजे वेबसाइट बनवणं, यूट्यूबवर फुकट शिकता येतं, मग पुण्यात खोली घेऊन, बूटकॅम्पची, म्हणजे थोड्या काळात कोडिंग शिकवणाऱ्या क्लासची, फी भरून तू काय मिळवलंस? आणि लगेच पुढचा प्रश्न, बी.कॉम.वाल्यांना हे जमतं का? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी सरळ उत्तर. शिकायचा मजकूर विकत घ्यायची गरज नाही. एमडीएन या वेबसाइटवर एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप), जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा) यांचं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. फ्रीकोडकॅम्प ही साइट २०१४ पासून फुकट शिकवतंय. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये या दोन ठिकाणी नाही असं काहीच नव्हतं. मी फी भरली ती माझा कोड रोज बघणाऱ्या माणसासाठी, आणि तेवढ्यासाठी ती भरणं योग्य होतं असं मला आजही वाटतं.

असा माणूस का लागतो? एचटीएमएलमध्ये टॅग, म्हणजे पानाच्या एखाद्या भागाची खूण, बंद करायचा राहिला तर ब्राउझर अंदाजाने सांभाळून घेतो. सीएसएसमध्ये स्पेलिंग चुकलं तर ती ओळ सोडून पुढे जातो, सांगत काहीच नाही. पान तर दिसतंय, म्हणजे आपल्याला येतंय, असं एकट्याने शिकणाऱ्याला वाटत राहतं. मग जावास्क्रिप्ट येते, कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरं दिसायला लागतात आणि बरीच मुलं तिथेच सोडून देतात. त्यांना डोकं कमी असतं म्हणून नव्हे; एरर वाचायची कशी हे त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं.

आमच्या सरांचा एक नेम होता. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला ते हात लावत नसत. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टमध्ये पानं बांधायची लायब्ररी सुरू झाली तेव्हा माझ्या स्क्रीनवर ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’ अशी एरर आली, पुढे ‘रीडिंग मॅप’; थोडक्यात, जे अजून ठरलेलंच नाही (अनडिफाइन्ड) त्यातून काहीतरी वाचायचा प्रयत्न झालाय. सर मागे येऊन उभे राहिले.

“मोठ्याने वाच. यातलं अनडिफाइन्ड कोण आहे?”

“बचत गटाच्या सभासदांची यादी, सर.”

“यादी येते कुठून?”

“सर्व्हरवरून.”

“मग पान पहिल्यांदा रेंडर होतं, म्हणजे स्क्रीनवर उमटतं, तेव्हा ती आलेली असते का?”

नसते! सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागतो आणि रिअ‍ॅक्ट त्याच्यासाठी थांबत नाही. सुरुवातीला रिकामी यादी ठेवली, एरर गेली. हेच उत्तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर पटकन सापडलं असतं. पण त्या दिवसापासून कुठलीही एरर आली की मी स्वतःला हेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते, आणि नोकरीत माझं निम्मं काम त्यावर चालतं.

प्रोजेक्टसाठी मी आईच्या बचत गटाची हिशेबवही घेतली होती. त्यातले दोन प्रसंग सांगते, कारण पुस्तकात असे प्रश्न सहसा भेटत नाहीत. पहिला नावांचा. फॉर्ममध्ये नाव तपासायला जे रेग्युलर एक्स्प्रेशन (कुठली अक्षरं चालतील हे सांगणारा साचा) सगळीकडे शिकवतात त्यात फक्त ए ते झेड असतं, म्हणजे गटातल्या एकाही बाईचं नाव मराठीत भरता येत नव्हतं. मग युनिकोडमधली (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) कुठल्याही लिपीची अक्षरं चालतील असं लिहिलं. ‘कमल’ गेलं, ‘सुनीता’ अडलं. युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, उकार ही अक्षरं नव्हेत, त्यांचा चिन्हांचा वर्ग वेगळा आहे. तो वर्गही जोडल्यावर सगळ्याजणी आत आल्या. जावास्क्रिप्टला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा, ती ५ सांगते (म, र, काना, ठ, वेलांटी), त्याचं कारणही हेच. मराठी नावं नाकारणारे फॉर्म मी त्याआधी कितीतरी भरले होते. त्यांच्यामागे कुणाची तरी एवढी एकच ओळ असते हे कळल्यावर मला खरंच राग आला. आजही कुठलाही फॉर्म केला की आधी जोडाक्षर असलेलं मराठी नाव टाकून बघते.

दुसरा पैशांचा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या, फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. बी.कॉम. झालेल्या मुलीला हे कसं चालेल? माझा ताळा लागेना. शेवटी सगळ्या रकमा रुपयांऐवजी पूर्ण पैशांत साठवल्या आणि दाखवताना शंभरने भागल्या. इथे माझं कॉमर्स कामाला आलं. चुकलेली नोंद खोडायची नाही, तिच्या विरुद्ध बाजूची नोंद करून ती दुरुस्त करायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळे बी.कॉम.वाल्यांना जमतं का, याचं उत्तर हो, जमतं. वेब पानांना लागणारं गणित दहावीपलीकडे क्वचित जातं. इंग्रजी मात्र वाचता यायला हवं, बोलता नाही आलं तरी चालेल.

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा डॅक हा पदवीनंतरचा डिप्लोमा कोर्स चांगला आहे, पण तो मुख्यतः इंजिनिअर, एमसीए अशा मुलांसाठी, आणि त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे. माझ्यासमोर तो पर्याय नव्हता. तुमच्यासमोर असेल तर आधी तो बघा.

आता क्लास निवडायचा कसा. डेमो लेक्चरवर जाऊ नका, ते सगळ्यांचंच छान असतं. डाउट सेशनला, म्हणजे शंका सोडवायच्या तासाला, बसू द्या म्हणून सांगा. तिथे शिकवणारा कीबोर्ड स्वतःकडे ओढून कोड लिहून देतोय, की विद्यार्थ्याला बोलतं करतोय, एवढंच पाहा. एका सरांमागे मुलं इतकी असतील की तुमच्या स्क्रीनपर्यंत कुणी पोचणारच नाही, तर पैसे वाचवा आणि एमडीएन घेऊन एखाद्या मैत्रिणीबरोबर बसा, रोज एकमेकींचा कोड वाचा.

‘१०० टक्के प्लेसमेंट’चा अर्थ पुष्कळदा इंटरव्ह्यू लावून देतो इतकाच असतो, तो लेखी विचारा. ‘नोकरी लागल्यावर फी’ असा करार असेल तर किती पगारापासून हप्ता सुरू होतो, नोकरी सुटली तर काय, आणि कोर्स मध्येच सोडला तर किती भरायचे, हे सही करण्याआधी घरच्यांसमोर वाचून घ्या. मूळ मार्कशीट मागितली तर देऊ नका, झेरॉक्स द्या.