साध्या वेशातील अटक

गुन्हे प्रकटीकरण पथकात काम करताना गणवेश कपाटातच राहतो. पण साधे कपडे घातले म्हणजे पोलीस लपतोच, असे नाही. सराईत चोर आधी पायांकडे पाहतो आणि तांबडे बूट दिसले की वाट बदलतो, म्हणून त्या दिवशी एसटी स्थानकावर आम्ही तिघेही चपला घालून उभे होतो. एकमेकांना ‘साहेब’ म्हणायचे नाही, हेही ठरले होते. (ती सवय जाता जात नाही, हा भाग वेगळा.)

बातमी पक्की होती. सोनसाखळी चोरीच्या गुन्ह्यात पाहिजे असलेला आरोपी गाडीतून उतरला, ओळख पटताच आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरले, आणि त्याने नेमका डाव टाकला : ‘वाचवा, हे मला उचलून नेताहेत!’ पाहता पाहता आम्हाला लोकांचा गराडा पडला. शर्टाच्या आत गळ्यात अडकवलेले ओळखपत्र मी बाहेर काढले, तोवर एकाने माझी कॉलर धरलीही होती.

फलाटाशेजारी वर्तमानपत्रे विकणाऱ्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी ओळखपत्रावरचे छायाचित्र माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिले. ‘असलं कार्ड कुणीही छापून घेईल. ११२ला विचारते, तोवर इथून हलायचं नाही.’ माझा सहकारी चिडला. मी त्याला आवरले, कारण बाईंचे म्हणणे रास्त होते. अटक करणाऱ्याच्या नावाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच बजावले आहे. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे आणि साध्या वेशातल्या पोलिसाला तिच्यातून सूट नाही.

गणवेशातले बीट मार्शल दुचाकीवरून आले, तेव्हा गर्दी सैल झाली. अटक पंचनाम्यावर नातेवाईक किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीदार लागते, म्हणून मी बाईंनाच विनंती केली. त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली आणि वेळेच्या रकान्यावर बोट ठेवले. ‘ही आत्ताची वेळ झाली. तुम्ही धरलंत तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, तीच घाला.’ आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची चोवीस तासांची मुदत अटकेपासून मोजली जाते, तेव्हा हा वीस मिनिटांचा फरक किरकोळ नव्हता. दोन वाजून दहा मिनिटे अशी वेळ घातल्यावर त्यांनी सही केली. मग मी खाली आरोपीची सही घेतली आणि त्याने सांगितलेल्या भावाला फोन लावला.