नसांच्या गोळ्यांची पिशवी

सातारा जिल्ह्यातल्या एका मधुमेह ओपीडीत मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे येणाऱ्या पुष्कळ जणांची पहिली तक्रार साखरेची नसतेच. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादरीचा स्पर्शही सोसत नाही, हे सांगत माणसं येतात. अशा घरात नसांच्या गोळ्या असतातच. त्या कुणी औषधात धरत नाही. ताकदीची गोळी, घेतली तर चांगलंच, असा सगळ्यांचा समज. हा समज किती महागात पडू शकतो, ते मी अण्णांच्या बाबतीत पाहिलं.

अण्णा म्हणजे साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. खरं नाव सांगत नाही. घरात पिढ्यानपिढ्या पंढरीची वारी, गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-मच्छी सोडाच, अंडंही वर्ज्य. मधुमेह जुना आणि मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, दहा वर्षांहून अधिक काळ चालू. पाय जळायला लागले तेव्हा दुसरीकडच्या डॉक्टरांनी रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासलं होतं, ते १३० निघालं. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. इंजेक्शनं झाली, आग बरीच उतरली. ते उपचार अगदी योग्य होते. बी१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातच मिळतं, आणि माळकरी माणसाकडे त्याचा स्रोत एकच, दूधदुभतं. त्यात मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषलं जाण्यात अडथळा आणतं. आपल्याकडे ही कमतरता किती खोलवर आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने दाखवून दिलं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्या अभ्यासात साधारण दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी१२ कमी आढळलं होतं.

मग पुढे बिघडलं कुठे? आमच्याकडे आले तेव्हा अण्णांची आग परतली होती, आधीपेक्षा जास्त. शिवाय नवीन काही सुरू झालं होतं. "ताई, चप्पल पायातनं कधी निसटते, कळतच नाही," ते म्हणाले. सूनबाईंनी पुढचं सांगितलं, "मामा तोंड धुताना डोळे मिटले की भेलकांडतात. एकदा बेसिनला धरलं म्हणून वाचले." बी१२ चा नवा रिपोर्ट त्यांनी आणला होता. आकडा दोन हजारांच्या वर. म्हणजे बी१२ भरपूर होतं, आणि तरी माणूस खालावत चालला होता.

मी गोळ्या विचारल्या. साखरेच्या आणि बीपीच्या सांगून झाल्या. "आणखी काही?" तर नाही म्हणाले. ताकदीचं काही घेता का, असं विचारल्यावर सूनबाईंनी खुर्चीखालून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर ओतली.

बी१, बी६ आणि बी१२ एकत्र असलेली गोळी. इंजेक्शनांनंतर दिवसाला एक लिहून दिलेली, ती आग वाढल्यावर अण्णांनी आपणच दोन केली. पुण्याच्या पुतण्याने ऑनलाइन मागवलेली नसांसाठीची कॅप्सूल. एक मल्टिव्हिटॅमिन. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेली शक्तीची पावडर. अल्फा लायपोइक ॲसिड, पायांच्या आगीसाठी घेतात ते, वेगळं. आणि दुखण्यासाठी रात्रीची प्रीगॅबालिन, तिच्यातही मिथाइलकोबालामिन, म्हणजे पुन्हा बी१२च. काही पाकिटांचा घटक छापलेला भाग गोळ्या काढताना फाटून गेला होता. सूनबाई मोबाइलने फोटो काढून मोठा करत एकेक ओळ वाचत होत्या, मी केसपेपरच्या मागे लिहीत होते. बाकीचं सोडून मी फक्त पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६, वेगळं काढलं. एकत्र गोळीचे, दिवसाला दोन म्हणून, शंभर-शंभर मिळून दोनशे. कॅप्सूलमध्ये ५०. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३, पावडरीत २. बेरीज २५५ मिलिग्रॅम. माणसाची दिवसाची गरज असते दोन मिलिग्रॅमच्या आसपास. आणि हे जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली की लघवीवाटे निघून जातात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. बी६ च्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. १९८३ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्ण नोंदवले होते. दिवसाला दोन ते सहा ग्रॅम बी६ घेऊन त्यांची संवेदना गेली होती, चाल बिघडली होती. पुढे त्याहून खूप कमी मात्रेत, पण दीर्घकाळ घेतल्यावरही असे रुग्ण दिसले. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. जादा बी६ चा मार बसतो तो पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींच्या गाठींवर. पाय नेमका कुठे आहे ही खबर मेंदूला देणं त्यांचंच काम. डोळे उघडे असतात तोवर माणूस नजरेने सांभाळून घेतो, मिटले की तोल जातो. अण्णांचं बेसिनपाशी हेच होत होतं.

मी कागद घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अण्णांना पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, आणि दोन्ही बाजूंनी हात धरून उभे राहिले. अण्णा लगेच कलले. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप जाणवतो का ते पाहायचा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर ठेवला, काही कळलं नाही. घोट्यावरही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाले, "आता गुणगुणतंय." बी६ चा नमुना मुंबईला पाठवला. तो उजेडात खराब होतो म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळावी लागते. रिपोर्टमधली पातळी वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघाली.

डॉक्टरांनी बी६ असलेलं सगळं बंद केलं. बी१२ मात्र चालू ठेवलं, नुसतं बी१२, एका गोळीत. हे सांगायलाच हवं, कारण अशी गोष्ट ऐकली की लोक सगळंच सोडतात. शाकाहारी आणि मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाने बी१२ सोडणं म्हणजे नसांचं नव्याने नुकसान. लायपोइक ॲसिडही थांबवलं. ६०० मिलिग्रॅमच्या मात्रेत त्याने काहींची आग कमी झाल्याचे अभ्यास आहेत, पण इतक्या गोंधळात कशाने काय होतंय ते कळलं नसतं. आणि सूनबाईंना आधीच बजावलं, की बी६ थांबवल्यावर पहिले काही आठवडे त्रास वाढूही शकतो, घाबरून पुन्हा गोळ्या सुरू करायच्या नाहीत. तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, आवाज रडवेला होता. समजावलं. त्या घराने धीर धरला याचं मला फार कौतुक वाटतं.

माझं खरं काम इथून पुढे होतं. पायांची आग आणि ताट यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ मध्ये कुपोषित रुग्णांच्या जळत्या पायांवर लिहिलं होतं, पँटोथेनिक आम्लाने आग शमल्याची नोंद केली होती. अण्णांचं दुखणं उपासमारीचं नव्हतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.२ होतं, आणि मधुमेहात नसांना सगळ्यात जास्त जाळते ती साखरच. त्यांचं म्हणणं, "मी गोड खातच नाही." पण महिन्याच्या दोन एकादशा आणि सोमवार, दिवसभर साबुदाणा, रताळी, बटाटा. एरवी सकाळी पोहे, दुपारी भाताचा ढीग.

उपास सोडा म्हणायची माझी हिंमतही नव्हती आणि इच्छाही. साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, घरचं दही. एरवी ज्वारीची भाकरी, सोबत मटकी किंवा मुगाची उसळ, भाताची एक वाटी. घरची म्हैस असून अण्णांच्या पोटात दूध जायचं ते चहातून. रोज एक पेला दूध, दोन्ही जेवणांत दही किंवा ताक सुरू केलं. एक पेला दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी१२ मिळतं, गरज दोन-अडीचची. साखर मात्र हळूहळू उतरवली. खूप दिवस वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तरी नसा पेटतात, हे फार थोड्या रुग्णांना सांगितलं जातं.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.६ झालं. आग निम्म्याहून कमी, रात्रीची झोप लागते, प्रीगॅबालिनचा डोस उतरवला. डोळे मिटून आता ते उभे राहतात, थोडे डुलतात. ट्यूनिंग फोर्क घोट्यावर कळू लागला, अंगठ्यावर अजून नाही. तो कदाचित कळणारही नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, देवळातसुद्धा मोजे घालून जायचं. शेवटच्या अटीवर अण्णा अजून वाद घालतात.