टेलिग्रामवर आला का रे?

नवीन पिक्चर लागला की आमच्या ऑफिसात डबा खाताना एकजण हमखास विचारतो, "टेलिग्रामवर आला का रे?" माणूस चांगला कमावता, गाडी आहे, पोराची फी लाखाच्या वर, घरी दोन-तीन अ‍ॅपचं सबस्क्रिप्शनपण आहे. तरी फुकटची लिंक पाहिजेच. मधे काही वर्षं हा प्रश्न जवळजवळ बंद झाला होता, आता परत सुरू झालाय, आणि मला जास्त कुतूहल याचं आहे की तो बंद का झाला होता. लोक सुधारले म्हणून तर नक्कीच नाही.

आपल्याकडे फुकट किंवा दोन नंबरचा पिक्चर घरी बघण्याला वाईट कधी कुणी मानलंच नाही. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. विकत घ्यायची ऐपत कुणाची नव्हती म्हणून तो भाड्याने यायचा. गणपतीत किंवा कुणाकडे सत्यनारायण असला की वर्गणी काढायची आणि एका रात्रीपुरता टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायच्या, सोबत दुकानवाल्याचा एक पोरगा, कारण मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पहिला पिक्चर देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मारामारीचा, आणि तिसरा लागेपर्यंत निम्मी वाडी सतरंजीवर आडवी. चित्राला मुंग्या आल्या की तो पोरगा ट्रॅकिंग फिरवत बसायचा, अगदीच नाही जमलं की कॅसेट बाहेर, हेड साफ, परत आत. पडद्यावरून जाहिरातींची पट्टी सरकत असायची ती वेगळीच. ही कॅसेट हक्काची आहे का असलं काही कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. व्हिडिओचोरी थांबवायला सरकारने १९८४ ला कॉपीराइट कायदा कडक केला होता हे मला फार नंतर वाचून कळलं.

मग केबल आली. केबलवाल्याचा स्वतःचा एक व्हिडिओ चॅनेल, त्यावर दुपारी एक आणि रात्री एक पिक्चर, थेटरात अजून चालू असलेला, आणि खाली गावातल्या साडी सेंटरची जाहिरात. लोक त्याला फोन करून फर्माईश करायचे. आणि आपण महिन्याच्या महिन्याला पैसे देतोय म्हणजे आपण गिऱ्हाईक, यात चोरी कसली, अशी सगळ्यांची पक्की समजूत. १९९४ ला राजश्रीवाल्यांनी 'हम आपके हैं कौन' व्हिडिओवर बरेच दिवस येऊच दिला नाही आणि लोक सहकुटुंब थेटरात गेले, पण तसं धाडस करणारे फार नव्हते.

व्हीसीडीचं मात्र मला जरा नीट सांगायचंय. स्टेशनबाहेर फूटपाथवर प्लास्टिक पसरून बसलेला माणूस आणि त्याचं ठरलेलं वाक्य, "मास्टर प्रिंट आहे साहेब, हॉल प्रिंट नाही." घरी येऊन लावली की पाचव्या मिनिटाला पडद्यासमोरून कुणीतरी बाथरूमला उठून जायचं, आणि विनोदाला हसणारी माणसं आपली नाहीत तर त्या थेटरातली. एका पिक्चरच्या दोन चकत्या, पहिली संपली की इंटरव्हल, दुसरी अडकली की बनियनला पुसायची नाहीतर टूथपेस्ट लावून घासायची. या सगळ्यात २००७ ला मोझर बेअर कंपनी उतरली आणि तिने कायदेशीर व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. म्हणजे फूटपाथच्या भावात किंवा त्याहून खाली, वर पाकीट छान, चित्र स्वच्छ. आणि लोकांनी घेतल्या हो! किराणा दुकानातसुद्धा टांगलेल्या असायच्या, मराठीपण भरपूर. माझे काका, ज्यांनी आयुष्यात कधी बिलाची पावती मागितली नाही, ते होलोग्राम बघून घ्यायला लागले. पुढे कंपनीच बुडाली तो भाग वेगळा, पण तेव्हा हे दिसलं होतं की पोलिसांच्या धाडींनी होत नव्हतं ते २८ रुपयांनी होत होतं.

धाडींवरून आठवलं. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना स्थानबद्ध करायचा एक कायदा आहे, एमपीडीए, १९८१ चा. २००९ ला त्यात व्हिडिओ पायरेट्स टाकले. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये अजूनही ते लांबलचक नाव येतं, "दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती", आणि त्याच नावात पुढे वाळूतस्कर. म्हणजे कागदावर फूटपाथवरचा सीडीवाला आणि वाळूमाफिया एका ओळीत, दोघांना वर्षभर आत ठेवता येतं.

तोवर माल इंटरनेटवर गेला होता. बीएसएनएलचा रात्री २ ते सकाळी ८ अनलिमिटेड वाला प्लॅन ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको, दोनचा गजर लावून उठायचं, टॉरंट (नेटवरून फुकट पिक्चर उतरवून घ्यायची सोय) चालू करायचं आणि झोपायचं, सकाळी आठच्या आत बंद केलं नाही तर बिल बघून बाबा हाक मारणार. खेड्यात याची दुसरी आवृत्ती होती. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानावर पाटी, "गाणी व पिक्चर भरून मिळतील". मेमरी कार्ड काढून द्यायचं, तो कंप्युटरला लावून फोल्डरच्या फोल्डर ढकलायचा. काय पाहिजे विचारायचा नाही, गिऱ्हाईकाकडे बघून त्यालाच कळायचं, तमाशाची लोकगीतं, भजनं, नाहीतर साऊथचे डब. पंचक्रोशीची आवडनिवड त्या दुकानदाराइतकी कुठल्याही अल्गोरिदमला कळलेली नाहीये असं माझं प्रामाणिक मत आहे.

२०१६ हे वर्ष गमतीचं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. जूनमध्ये 'उडता पंजाब' रिलीजच्या आधीच नेटवर फुटला, आणि फुटलेल्या प्रिंटवर सेन्सॉरसाठी दिलेल्या कॉपीची खूण. ऑगस्टमध्ये ब्लॉक केलेल्या साईटवर मेसेज झळकायला लागला, की हे बघाल तर ३ वर्षं तुरुंग आणि ३ लाख दंड. आमच्या हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर नुसती पळापळ, लोकांनी हार्डडिस्क कपाटात लपवल्या. मग 'ढिशूम' पिक्चरच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्या. गौतम पटेलांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, वाटणं, विनापरवाना विकणं किंवा भाड्याने देणं, जाहीर दाखवणं हा गुन्हा, आणि तो मेसेजच बदलायला लावला. हार्डडिस्क परत बाहेर आल्या. पण ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि काही महिन्यांत त्या हार्डडिस्कना कुणी विचारेनासं झालं. डेटा फुकट, हॉटस्टारवर मॅच, डिसेंबरमध्ये प्राइम ४९९ रुपये वर्षाला. वर्षाला! कोण कशाला टॉरंट शोधत बसेल. मेमरी कार्डवाल्याने पाटी काढून फक्त कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास ठेवले.

म्हणजे चोरी कमी झाली ती सोय झाली म्हणून. आता सोय गेली. प्राइम १४९९ झालं आणि २०२५ पासून त्यातही जाहिराती, नको असतील तर वर आणखी पैसे द्या. जुलै २०२३ ला नेटफ्लिक्सने पासवर्ड शेअर करणं बंद केलं, म्हणजे बहिणीच्या अकाउंटवर जगणारी आख्खी जमात उघड्यावर. त्याच वर्षी मार्चअखेर एचबीओ या अमेरिकन चॅनेलच्या सगळ्या सिरीज हॉटस्टारवरून गायब, ज्यांनी वर्षाचे पैसे त्याचसाठी भरले होते ते बसले बोंबलत, मग त्या जिओसिनेमावर उगवल्या, मग २०२५ ला दोन्ही अ‍ॅपच एक झाले. हे सगळं लक्षात ठेवायला घरात एक मुनीम ठेवायला लागेल. त्यापेक्षा टेलिग्रामवर नाव टाइप केलं की फाइल हजर. बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, पण कळतं. (लिंकऐवजी एपीके फाइल, म्हणजे बाहेरचं अ‍ॅप, मोबाईलमध्ये टाका म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा, पिक्चर राहतो बाजूला आणि बँक खातं रिकामं होतं.)

हिंदी-इंग्रजीवाल्यांचं मला फार वाईट वाटत नाही, त्यांच्याकडे वकील आहेत. २०२३ ला सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, थेटरात शूटिंग करणाऱ्याला किमान ३ महिने कैद आणि ३ लाख दंड, आणि हा दंड निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मराठी निर्मात्याला त्याचा किती उपयोग? त्याचा पिक्चर लागतो सकाळी दहाच्या नाहीतर दुपारच्या शोला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि सुट्टी काढून जायचं ठरवेपर्यंत उतरलेला असतो. मग ओटीटीवर येईल म्हणून वाट बघायची, तर बऱ्याचदा तिथेही विकला गेलेला नसतो. अशा वेळी फुटलेली कॉपी फिरली की मेला बिचारा, आणि दुसरीकडे बघणाऱ्याला पैसे द्यायचे म्हटलं तरी द्यायचे कुठे? इथे मी ऑफिसातल्या त्या माणसाशी भांडतो, नवीन मराठी पिक्चरची लिंक मागितली की मी देत नाही आणि दुसऱ्या कुणाला त्याला देऊपण देत नाही.

जुन्या मराठी पिक्चरचं अजून अवघड. आईला सत्तरच्या दशकातले कृष्णधवल बघायचे असतात. सगळी अ‍ॅप पालथी घातली तरी त्यातले बरेचसे मिळत नाहीत, मिळतात ते कुणीतरी यूट्यूबवर चढवलेले, व्हीसीडीवरून काढलेले, कोपऱ्यात बंद पडलेल्या चॅनेलचा लोगो. कधी पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटं केलेलं, दुकानाच्या पाट्या उलट्या, नायक डाव्या हाताने जेवतोय. आई म्हणाली, "हा असा अवलक्षणी कधीपासून झाला?" आणि शेवटपर्यंत बघितला. उसगावात, म्हणजे अमेरिकेत, राहणारा आमचा चुलतभाऊपण त्याच व्हिडिओवर, खाली त्याच्यासारख्याच लोकांचे शेकडो धन्यवाद. चढवणाऱ्याला पैसे मिळत असतील तर मिळोत बापडे, पण ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी हे पिक्चर धुऊन-पुसून २८ रुपयांना ठेवले तर पहिलं गिऱ्हाईक आमच्या घरातलं.

सध्या आम्ही एकच अ‍ॅप चालू ठेवलंय, तेही क्रिकेटमुळे. बाकीची संपली तशी संपू दिली.