ताडपत्रीच्या अंधारातलं रोम

मी परतवाड्याचा. डिश, केबल, लग्नाचे प्रोजेक्टर हा माझा धंदा. मी ख्रिस्ती नाही, पण मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या चर्चमध्ये नाताळाच्या माळा आणि माइक बरीच वर्षं मीच लावतो. २५ एप्रिल २०२५ ला संध्याकाळी तिथल्या फादरांचा फोन आला. "भाऊ, उद्या पोप फ्रान्सिस यांची अंत्यविधीची मिस्सा आहे. आमच्या लोकांना मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे." मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य सामुदायिक प्रार्थना. पोप सोमवारी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. रोममध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड. एप्रिलातलं दीडचं ऊन आणि वर टिनाचं छत!

खरी अडचण उजेडाची होती. खिडक्यांतून इतका उजेड येत होता की पडद्यावर नुसता पांढरा डाग दिसे. पोरांनी घरोघरच्या तुरीवर झाकायच्या ताडपत्र्या आणल्या, खिळे ठोकून खिडक्या बंद केल्या. आत भट्टी झाली, पण रोमचा चौक दिसायला लागला. नेटवर्क फक्त दाराजवळ मिळे, म्हणून फोन तिथं खुर्चीवर ठेवला आणि वायर प्रोजेक्टरपर्यंत ओढली. फादर अमरावती धर्मप्रांताचे. हा धर्मप्रांत १९५५ चा, आणि तो नागपूरच्या महाधर्मप्रांताखाली येतो. आज नागपूरचे आर्चबिशप असलेले एलियास गोन्साल्विस आधी अमरावतीचेच बिशप होते. म्हणून नागपूरचं नाव निघालं की इथली माणसं ते घरच्यासारखं घेतात.

साठेक माणसं जमिनीवर बसली. पडद्यावर साधी लाकडी शवपेटी, तिच्यावर उघडं शुभवर्तमान, वाऱ्यानं उलटणारी पानं. सिस्टर थोडं थोडं मराठीत सांगत होत्या. एक बाई हळूच म्हणाली, "एवढा मोठा मानूस अन् पेटी अशी?" सिस्टर म्हणाल्या, "त्यांनीच तशी सांगितली होती."

सव्वातीनच्या सुमारास संतांची नावं घेणं सुरू झालं, आणि लाइन गेली.

पडदा काळा. पंखे बंद. माझ्या पोटात गोळा आला. जनरेटर दुसऱ्या गावच्या लग्नात होता, आणि तो तिथं देऊन टाकणारा मीच. मी वायर काढली. फोन चालूच होता, आवाज येत होता, पण फोनच्या स्पीकरचा तो केवढासा! सगळे सरकत सरकत दाराशी आले. कुणी बोलेना. एक नाव, मग उत्तर "ओरा प्रो एओ". पुन्हा नाव. तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून एक म्हातारा आवाज आला, "ओरा प्रो नोबिस". पुन्हा, बरोबर त्याच ठेक्यात.

ते आबाजी ऐंशीच्या पुढचे. मिशनच्या बोर्डिंगात होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, ती आपापल्या भाषेत आली. फादर वाकून हळूच म्हणाले, "आबाजी, आज 'एओ' म्हणतात. त्यांच्यासाठी विनंती करा, असं. 'नोबिस' म्हणजे आमच्यासाठी."

"मले मालूम हाय, फादर. पन जिभेले तेच येते."

मग दोन-तीन म्हाताऱ्याही "नोबिस"च म्हणू लागल्या. फादर पुढे काही बोलले नाहीत. त्या घामाच्या अंधारात मी फोन दोन्ही हातांनी धरून उभा होतो. हात भरून आले तरी खाली ठेवावासा वाटला नाही.

चारच्या पुढे लाइन आली. शवपेटी पांढऱ्या गाडीतून सांता मारिया माज्जोरे चर्चकडे निघाली होती. त्या चर्चच्या पायऱ्यांवर चाळीसेक गोरगरीब हातात पांढरे गुलाब घेऊन उभे होते. पेटी आत गेली, पण दफन टीव्हीवर दाखवलं नाही.

आबाजींनी मला विचारलं, "आतलं नाही दाखवत का, भाऊ?"

"नाही आबाजी. तेवढं खाजगी ठेवलंय."

"बरं केलं," ते म्हणाले. "मातीच्या वक्ताले घरचेच असावं."

मी वायर गुंडाळायला लागलो. पोरं खिडक्यांवरच्या ताडपत्र्या सोडवत होती.