रेड टेल शार्कचे खाणे आणि त्याची हद्द

रात्री साडेदहाला मी माशांच्या टँकचा दिवा मालवतो आणि साधारण पाच मिनिटांनी, डोळे अंधाराला सरावले की, डाव्या कोपऱ्यातल्या ओंडक्याखालून एक लाल शेपटी हलताना दिसते. काळे अंग अंधारात मिसळून गेलेले असते, त्यामुळे आधी शेपटीच दिसते. आमच्या मुलुंडच्या घरी हा रेड टेल शार्क सहा वर्षांपासून आहे आणि त्याचे खरे जेवण याच वेळी होते. दिवसा घातलेले खाणे वरच्या थरातले टायगर बार्ब मासे खाली पोहोचूच देत नाहीत. ही एवढी गोष्ट समजायला मला पहिले वर्ष लागले आणि तोवर मासा रोज खाणे घालूनही बारीकच राहिला होता.

नावात शार्क असला तरी समुद्रातल्या शार्कशी या माशाचे काही नाते नाही. पाठीवरच्या उभ्या त्रिकोणी परामुळे त्याला व्यापारात ते नाव पडले. तो कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या बाजारात मिळणाऱ्या रोहूचा भाऊबंद आहे. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ ह्यू स्मिथ यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला रोहूच्याच ‘लेबिओ’ या प्रजातीत घातले होते. आज तो ‘एपाल्झिओरिंकस बायकलर’ या नावाने ओळखला जातो. हे नाते मी मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या खाण्याचे बरेचसे गणित त्यातून सुटते. कार्प कुळातल्या माशांना खरे जठर नसते. अन्न घशातल्या दातांनी दळले जाऊन थेट आतड्यात जाते. त्यामुळे एकाच वेळी भरपूर खाणे घालण्यापेक्षा थोडे थोडे, पण सावकाश चरता येईल असे खाणे त्याला मानवते. तोंड खालच्या बाजूला, ओठ खरवडायला सोयीचे आणि मिशांच्या दोन जोड्या, ही सगळी रचना तळ चाचपत, दगडा-लाकडावरचे शेवाळ आणि त्यातले बारीक जीव टिपत फिरण्यासाठी आहे.

म्हणून आमच्याकडे मुख्य खाणे तळाशी बसणारे असते. रात्री दिवा मालवल्यावर स्पिरुलिना या शेवाळाचे एक वेफर, म्हणजे चपटी गोळी, त्याच्या ओंडक्याच्या तोंडाशी सोडतो. आठवड्यातून दोनदा भाजी असते: काकडीची किंवा दुधीची बोटभर जाडीची चकती, उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढलेली आणि स्टीलच्या चमच्याला दोऱ्याने बांधून तळाशी ठेवलेली. मटारचे दाणे वाफवून, साल काढून दिले तर तेही आवडीने खातो. पहिल्या दिवशी तो चकतीकडे ढुंकूनही पाहत नाही. पण चार-पाच वेळा दिल्यावर ओळख पटते. मग चमचा खाली टेकला की तो बाहेर येतो, मिशांनी चकतीची कड चाचपतो, अंग जवळजवळ आडवे करून मधला मऊ गर खरवडू लागतो आणि सकाळी पाहावे तर चमच्यावर हिरव्या सालीचे नुसते कडे उरलेले असते. उरलेली भाजी सकाळी न चुकता काढावी, कारण आपल्या हवेत ती दुपारपर्यंत पाणी नासवते. आठवड्यातून एकदा गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या कीटकाच्या लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) आणि एक दिवस कडक उपास. जिवंत टुबिफेक्स मात्र मी कधीच आणत नाही. ते अळ्यांसारखे किडे सांडपाण्याच्या चिखलात वाढतात आणि त्यांच्याबरोबर रोग घरात येतो.

आता त्याच्या हद्दीविषयी. पहिल्यांदा हा मासा घेतला तेव्हा दुकानदाराने ‘एकटा कशाला, जोडी न्या’ असे सांगितले आणि मी दोन आणले. दोघेही जेमतेम दोन इंचांचे होते आणि काही महिने सुखाने राहिले. पुढे मोठ्याने ओंडक्याखालची जागा आपली ठरवली आणि धाकट्याला तिच्या आसपास फिरकू देईना. मी एकाच जागी वेफर टाकत होतो, तीही नेमकी मोठ्याच्या दाराशी. धाकटा फिल्टरच्या मागे दडून राहायचा, त्याचा काळा रंग राखाडी होत गेला, शेपटीचे पर फाटले आणि एके सकाळी तो मेलेला सापडला. ते मला आजही लागून राहिले आहे, कारण रंग उतरणे हीच या माशाची तक्रार असते आणि ती मी महिनाभर पाहत होतो.

एका घरगुती टँकमध्ये हा मासा एकच ठेवावा, हे मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याच्यासारख्या अंगाचा रेनबो शार्कही सोबत नको. त्याचे सगळेच पर तांबडे असतात, तर रेड टेलची फक्त शेपटी लाल असते, एवढ्यावरून दोघे ओळखता येतात. तळाशी राहणारे इतर मासे आणि लांब परांचे संथ मासेही टाळावेत. टायगर बार्ब किंवा जायंट डॅनिओ यांसारखे चपळ, वरच्या थरात थव्याने फिरणारे मासे त्याला चालतात. तो पाच-सहा इंचांपर्यंत वाढतो, तेव्हा चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटरचा टँक धरूनच चालावे. भरल्यावर त्याचे वजन पाव टनाच्या वर जाते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो भिंतीलगत, भक्कम स्टँडवरच हवा. झाकणही हवेच, कारण बिथरला की हा मासा उडी मारतो.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर सुदैवी आहेत. तलावांतून येणारे आपले पाणी बहुतेक मऊ असते आणि या माशाला ते मानवते. त्यातले क्लोरीन मात्र मारून घ्यावे लागते. मी दर रविवारी ड्रममधले, अँटिक्लोरीन घातलेले पाणी वापरून टँकचे पाव पाणी बदलतो. सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस लागली की त्या आठवड्यात पाणी बदलणे पुढे ढकलतो, कारण त्या वेळी ब्लीचिंग पावडरचा अंश जास्त असू शकतो. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्ये शून्य असली पाहिजेत. न खाल्लेले वेफर कुजले की आधी तीच वाढतात.

आपल्याकडे हीटरची गरज क्वचितच पडते, खरी काळजी एप्रिल-मे महिन्यांत असते. त्याला २२ ते २६ अंश मानवतात आणि आमच्या हॉलमधला टँक दुपारी ३१ अंशांपर्यंत चढतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि उरलेल्या अन्नाची नासाडीही लवकर होते. म्हणून त्या दिवसांत खाणे निम्म्यावर आणतो, एअर पंप चोवीस तास चालू ठेवतो आणि झाकणाच्या जाळीवर छोटा पंखा लावतो. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही, पण तोवर उन्हाचा कडाका सरलेला असतो.

दुकानातले हे सगळे मासे मत्स्यशेतीत वाढवलेले असतात, मुख्यतः थायलंडमध्ये, संप्रेरकांचे इंजेक्शन देऊन पैदास केलेले. त्याच थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातून तो एके काळी नाहीसा झाल्याचे मानले गेले होते. २०११ मध्ये एका ठिकाणी तो पुन्हा आढळला आणि आजही तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. कुर्ल्याच्या बाजारात पिशवीतला दोन इंची मासा पाहताना मला ते हटकून आठवते. मासा दहा वर्षे जगू शकतो, तेव्हा घेण्याआधी चार फुटांची जागा आणि त्यातला एक कोपरा, जिथे दुसरे कोणी फिरकणार नाही, तो ठरलेला असावा. आमच्याकडे तो कोपरा डावीकडचा आहे. आज दुधीचा वार आहे आणि चकती वाफवून झाली आहे.