फॉर्म न भरलेला बाप

युवारंग जवळ आला की आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो: एकांकिकेसाठी खुली निवड चाचणी, कोणत्याही शाखेचे विद्यार्थी, अनुभवाची अट नाही. युवारंग म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवक महोत्सव. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात उतरतात. मी प्राध्यापक नाही. दरवर्षी एकांकिका बसवायला मला बोलावतात. पूर्वी ही चाचणी नव्हती. जुन्या पोरांनी आपापले मित्र आणायचे, मुलगी एखादीची मैत्रीण असायची, झाली टीम. नाटक वाईट व्हायचं असं नाही, पण दरवर्षी तेच आवाज तेच हात वर करून बोलायचे.

फॉर्मवर नाव, वर्ग, शाखा यांच्याखाली मी एक रकाना आग्रहाने टाकून घेतला आहे: शेवटची बस किती वाजता? तालीम कॉलेज सुटल्यावर सुरू होते. यावल, चोपड्याकडच्या आडगावच्या पोरांची गावात जाणारी गाडी चुकली की रात्र स्टँडवर. हॉस्टेलला राहणाऱ्या शहादा-तळोद्याच्या मुलांना तो प्रश्न नसतो, पण त्यांना रेक्टरची परवानगी लागते. मुलींना तर रेक्टरची आणि घरची, दोन्ही. सभागृहाचं दार कितीही उघडं ठेवलं तरी निम्मी निवड एसटीचं वेळापत्रकच करून टाकतं, हे पाहुण्या परीक्षकांना सांगून पटत नाही.

यंदाच्या चाचणीच्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती आणि उकाडा असा की फॉर्मचे कागद हाताला चिकटत होते. परीक्षक आम्ही तिघं: मी, सांस्कृतिक समितीच्या मॅडम आणि संगीताचे सर. पद्धत साधी. आधी प्रत्येकाने तयार करून आणलेलं काहीतरी करायचं, मग आम्ही हातात देऊ तो प्रवेश आयत्या वेळी वाचायचा. तयार आणलेल्यात मला फारसं काही सापडत नाही. विशीतली पोरं म्हाताऱ्याचं स्वगत घेऊन येतात, कमरेत वाकतात, आवाज घोगरा करतात, आणि शेवटी रडतातच. पाठांतर पक्कं असतं, एवढं कळतं. खरी गंमत दुसऱ्या भागात.

प्रवेश मीच लिहिलेला होता. शेत विकायला बापाची सही हवी म्हणून मुलगा शहरातून आलाय. मुलाला लांबलचक वाक्यं: कर्ज, फ्लॅट, भाव पडलेले, केळी करपलेली. बापाला मोजकंच. "कशाला?" "कोणाला?" आणि मधेच, काही संबंध नसताना, "जेवला का तू?" मुलगी वाचणार असेल तर मुलाच्या जागी लेक करायची, बाकी सगळं तेच.

समोरचे संवाद दरवर्षी आमचा एक माजी विद्यार्थी वाचतो. यंदा त्याचा गळा पार बसलेला, तोंडातून नुसती हवा. मी मागच्या खुर्च्यांकडे बघितलं. एक किरकोळ अंगाचा मुलगा मित्राचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. म्हटलं, "तू ये रे, वाचायचंय नुसतं." तो उठेना. मित्राला हळूच म्हणाला, "मी तं तुना संगे येल शे, माले काबर बलाई राहिनात?" मित्राने ढकललं, "जाय ना भो." हेल्मेट खुर्चीवर ठेवून तो आला.

पहिल्या दोघांना त्याने कागद वाचून दाखवला, बस. तिसरा आला तो आमचा हुकमी नट. तिसऱ्या वर्षाचा, आवाज कमावलेला, स्पर्धांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून आणलेली. त्याने सुरुवातच टिपेला केली. कर्ज, फ्लॅट, भाव, सगळं शेवटच्या रांगेपर्यंत. मग बापाचं "जेवला का तू?" यायचं होतं, ते येईना. वाचणारा मुलगा कागदावरून मान वर करून याच्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, ओळ हरवली. पण त्याने कागदाची घडी केली, ती खिशात घालायला गेला, आणि खिशाकडेच बघत म्हणाला, "जेवला का तू?" हुकमी नट एकदम गप्प. पुढचं वाक्य त्याच्या हातात छापलेलं होतं, तरी ते उच्चारायला त्याला वेळ लागला, आणि आलं ते अगदी खालच्या पट्टीत. त्या सकाळी त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते एक वाक्य.

मग मी उमेदवाराकडे कमी आणि बापाकडे जास्त बघायला लागलो. कुणी घाबरत घाबरत वाचलं तर हा "कशाला?" असा विचारी की समोरच्याला धीर यावा. एक मुलगी भांडायच्याच सुरात आली, तिला त्याने "कोणाला?" इतकं कोरडं विचारलं की ती चिडून कागद सोडून बोलायला लागली. आम्ही तिला तिथेच घेतली. दिवसभर तीच तीन वाक्यं, आणि प्रत्येकाला वेगळी. समोरचा काय बोलला ते ऐकून तो बोलत होता, एवढंच. पण एवढंच शिकवायला माझे तालमीचे दोन-दोन आठवडे जातात.

संध्याकाळी मॅडमपुढे याद्या आल्या तेव्हा मी म्हटलं, बाप सापडला. मॅडम म्हणाल्या, "त्याचा फॉर्म कुठाय?" त्यांचा मुद्दा रास्त होता. बाकीची पोरं आठवडाभर पाठांतर करून आली, रांगेत बसली. याने तोच प्रवेश दिवसभर घोटला. स्पर्धाच करायची तर सगळ्यांना सारखी संधी द्या, नाहीतर पुन्हा "सरांची पोरं" म्हणायला लोक मोकळे. संगीताचे सर चहा पीत माझ्याकडे बघत होते. शेवटी ठरलं: दुसऱ्या दिवशी त्याने फॉर्म भरायचा, आणि बापाच्या भूमिकेसाठी ज्यांची नावं पुढे आहेत त्या सगळ्यांनी एकच नवा प्रवेश वाचायचा.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सपाट वाचून गेला. तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा. हात पाठीमागे, डोळे आमच्या टेबलाकडे. हुकमी नटाने मात्र नवा प्रवेश झकास केला. मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाही, गुण लिहिले. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस, आता या बाकीच्यांसाठी समोरचं वाच. त्याने वाचलं. खांदे सैल झाले, मान वर आली, कालचा बाप परत उभा. म्हणजे आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं की हा आखडतो, दुसऱ्याला आधार द्यायचा म्हटलं की फुलतो. मॅडम म्हणाल्या, "स्टेजवर बघणारेच असतात ना सर?"

असतातच. तरी मी त्यालाच घेतलं. आखडणं तालमीत जातं, दहापैकी आठ जणांचं जाताना मी बघितलंय. समोरच्याचं न ऐकण्याची सवय मात्र वयाबरोबर घट्ट होत जाते, आणि बक्षिसं मिळालेली असली तर आणखीनच. विद्यापीठांच्या राष्ट्रीय महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं असतात आणि मंचावर फार तर ९ जण. आम्ही नाटक त्याच मापात बेततो. तेवढ्या वेळात एक जण स्वतःपुरता खेळायला लागला की बाकीचे नुसते टाळ्यांची वाट बघत उभे राहतात. मॅडमचं मत आजही वेगळं आहे, आणि ते त्यांनी गुणपत्रिकेवर सहीसकट नोंदवलंय.

एक अडचण राहिलीच होती. त्याच्या गावाला संध्याकाळी गाडीच नाही. तो मित्राच्या मोटारसायकलवर ये-जा करतो, आणि मित्राची निवड झाली नव्हती. मित्राला विचारलं, प्रकाशयोजनेला हात लावशील का? तो इलेक्ट्रॉनिक्सचा, बोर्डवरचे स्लायडर बघून खूश झाला. अशी एका गाडीवर दोघांची निवड झाली.

हुकमी नटाला मी मुलाची भूमिका दिली. यादी वाचून तो सरळ माझ्याकडे आला. "सर, गुण मला जास्त होते ना?" होते. ते मी लपवलं नाही. सगळ्या प्रवेशांत तुला त्याच्यासमोर उभं राहायचंय, म्हणून तुला मुलगा दिला, असं सांगितलं. त्याला ते कितपत पटलं कोण जाणे. तालमीला मात्र वेळेवर येतो. परवा जाता जाता म्हणाला, "पुढच्या वर्षी मीपण फॉर्म न भरताच येतो सर, हेल्मेट घेऊन."

मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी डायरी काढून पुढच्या वर्षीच्या नोटिशीसाठी एक ओळ लिहून ठेवली: समोरचे संवाद वाचणाऱ्यानेही फॉर्म भरणे बंधनकारक राहील.