फ्लॅट फ्रेम घेतल्याशिवाय टेलिस्कोपवरून कॅमेरा काढू नका

आकाशाच्या स्टॅक केलेल्या (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेल्या) फोटोत काळसर कडी दिसली की प्रोसेसिंगला दोष दिला जातो. खरं तर ती धुळीची सावली. कडं लहान आणि ठळक असेल तर कण सेन्सरजवळ. मोठं, पुसट असेल तर लांब, बहुधा फिल्टरवर. ही सावली प्रोसेसिंगमध्ये काढायला फ्लॅट लागतात, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो.

टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट सुरकुती न पडू देता ताणून बांधा, वर एलईडी पॅनेल ठेवा, 20 ते 30 फ्रेम घ्या. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा साधारण मध्यावर हवा. एक्स्पोजर 1/1000 सेकंदासारखं ठेवलंत तर पॅनेलच्या लुकलुकण्याने पट्टे येतात. कापडाची आणखी एक घडी घाला, वेळ वाढवा. आयएसओ, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन मात्र रात्रीच्या फोटोंचाच. कॅमेरा जरासा जरी फिरला तरी जुनी कडी जात नाहीतच, वर शेजारी उजळ जुळी उमटतात!